तळमजल्यावरच्या शैलाताई

शैलाताई चौगुल्यांशी माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे मी भांडायला गेले होते, भांडण काही झालं नाही.

आखातातल्या आमच्या शहरात, अल हिलालमधल्या एका जुन्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी घरूनच ऑफिसचं काम करायचे. मीटिंग सुरू झाली की खालून एक कुत्रं भुंकायचं, मग दुसरं, मग सगळीच. पलीकडचा साहेब विचारायचा, "तुम्ही बाहेर आहात का?" चौथ्या दिवशी मी तणतणत खाली गेले आणि बेल दाबली. दार उघडलं ते पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बाईंनी. त्यांच्या काखेत एक तपकिरी कुत्रं होतं आणि दातांत औषधाच्या बाटलीचं झाकण.

"मी वर राहते. मला जरा तुमच्याशी—"

"मराठी हायस? बरं झालं." झाकण हातात घेत त्या म्हणाल्या. "आधी हा धर, मग भांड."

मी आयुष्यात कधी कुत्र्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी पाच मिनिटं एका कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरून उभी राहिले आणि त्या त्याच्या डोळ्यांत थेंब घालत राहिल्या. घालून झाल्यावर म्हणाल्या, "हं. बोल आता." मला काय बोलायचं होतं तेच आठवेना.

"भुंकत्यात म्हणून आलीस ना? मलापण ऐकू येतं. मी काय भैरी न्हाई," त्या म्हणाल्या. "चार ते पाच मी त्यांना मागच्या खोल्यांत ठेवतो. तुझी मीटिंग चार ते पाच ठेव."

'ठेवतो' ऐकून मी दचकले. कोल्हापूरकडच्या बायका अशा बोलतात हे मला ठाऊक नव्हतं, मी नाशिकची. शैलाताई कायम 'मी येतो', 'मी गेलो' असंच म्हणत. पुढे त्याची इतकी सवय झाली, की एकदा मीच नवऱ्याला "मी खाली जाऊन येतो" म्हटलं.

त्या सनैय्यात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, बांधकामाच्या मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये होत्या. वेगवेगळ्या साइटवरून काँक्रीटचे ठोकळे यायचे, ते सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनखाली ठेवून फोडायचे आणि किती वजनाला फुटले ते लिहायचं. एकवीस वर्षं त्यांनी तेच केलं. नवरा इथंच एका कंपनीत होता, तो जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगी प्रज्ञा लग्न होऊन कोल्हापुरात. कुणी काही कबूल केलं की शैलाताई म्हणायच्या, "अठ्ठावीस दिवसांनी बघू, फुटतंय का." बहुतेक वेळा फुटायचंच.

लॅबच्या गाड्या साऱ्या साइटवर जात, त्यामुळे ड्रायव्हर मंडळींकडून कुत्र्यांच्या बातम्या त्यांच्याकडे आपोआप येत. अमक्या साइटवर पाइपात पिल्लं आहेत, तमक्या ठिकाणी एकाला गाडी लागली. त्या घेऊन यायच्या, बरं करायच्या आणि कायमचं घर शोधून द्यायच्या. निदान ठरलं तसं होतं. खरं म्हणजे येणारी कुत्री येत राहायची आणि जाणारी जायची नाहीत. मी ओळखायला लागले तेव्हा सात होती. त्यांना त्या नावं ठेवत नसत, सापडली तिथला पत्ताच नाव म्हणून चिकटायचा. मन्सूरा एका हॉटेलच्या मागे सापडलेली. वक्रा समुद्राकाठची. सनैय्या नावाचा काळा कुत्रा लॅबच्याच गेटवरचा, तो चावायचा.

"नाव ठेवायचं त्याच्या घरच्यांनी," त्या म्हणत. "मी कोण? मी मधली."

पण घरात सात कुत्री आहेत म्हणून तिथं काही लाडीगोडी चालायची असं नाही. चालायची ती आरडाओरड. पहाटे चारला उठून त्या मोठ्या पातेल्यात कोंबडी आणि भात शिजवायच्या, सात थाळ्या सात कोपऱ्यांत ठेवायच्या, कारण वक्रा मन्सूराचं खायची आणि सनैय्या सगळ्यांचं. चार एका खोलीत, दोन दुसऱ्या खोलीत, सनैय्या एकटा. कोण कुणाला दिसता कामा नये, कुठलं दार उघडण्याआधी कुठलं बंद करायचं, याचं एक गणित होतं. मी चुकून दार उघडलं, की "बया बया बया!" करत त्या धावत. उन्हाळ्यात डांबर इतकं तापायचं, की सूर्य वर यायच्या आत सगळ्यांना दोन-दोन करून फिरवून आणावं लागे. मग अंघोळ करून त्या लॅबची बस पकडत. संध्याकाळी परत तेच. मधल्या वेळात फोन.

त्या फोनांनी त्यांचं डोकं उठायचं. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, कुणाला बाळ होणार, कुणाच्या नव्या फ्लॅटमध्ये परवानगी नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, फक्त दोन आठवडे ठेवा. फोन ठेवल्यावर त्या भिंतीकडे बघून म्हणायच्या, "सोफा विकायला ह्यांना वेळ मिळतो."

मीही असाच एक फोन त्यांच्या गळ्यात घातला. निखिल माझ्या ऑफिसातला, चांगला मित्र. त्याने लॉकडाऊनच्या काळात सोनेरी केसांचं एक महागडं पिल्लू विकत आणलं होतं, ब्रूनो. त्याला कॅनडात नोकरी लागली. कुत्र्याची कागदपत्रं आणि विमानाचं जमेपर्यंत दोन आठवडे कुणी सांभाळेल का, असं त्याने विचारलं आणि मी मोठ्या उत्साहाने शैलाताईंचा नंबर दिला.

"तुझा माणूस आहे म्हणून घेतो," त्या म्हणाल्या. "नाहीतर जागा न्हाई."

निखिल ब्रूनोला सोडून गेला तेव्हा रडला, हे मी पाहिलं. खोटं नव्हतं ते रडणं. पण दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. मग उन्हाळा आला, आणि उन्हाळ्यात विमानं कुत्री घेत नाहीत. मग निखिलचं घर बदललं. मग तो शैलाताईंचे फोन उचलेनासा झाला. ब्रूनो रोज संध्याकाळी फाटकाला नाक लावून बसायचा. रस्त्यावर निखिलच्या गाडीसारखी पांढरी गाडी थांबली की उठायचा, पुन्हा बसायचा. त्याचा एक कान सारखा चिघळायचा.

एका शुक्रवारी शैलाताईंनी मला खाली बोलावलं. "तुझा माणूस. तुझा फोन उचलंल. लाव."

निखिलने उचलला. मी स्पीकर लावला. इकडचं तिकडचं झालं. मग मी ब्रूनोचा विषय काढला, तर म्हणाला, "अगं, त्या बाई छानच सांभाळतात ना. खरं सांगू का, त्याला आता तिथंच बरं वाटत असेल. उगाच प्रवासाचा त्रास कशाला?"

शैलाताईंनी माझ्या हातून फोन घेतला. आता त्या याला सोलणार म्हणून मी मागे सरकले. त्यांनी शांतपणे विचारलं, "निखिल, मी शैला चौगुले. ब्रूनोच्या कुठल्या कानात औषध घालायचं, डाव्या का उजव्या?"

"कान?" निखिलने विचारलं.

"सांग की. तीन वर्षं घालत होतास ना?"

"बहुतेक... उजव्या?"

"बरं. ठेव."

फोन मला परत देऊन त्या ब्रूनोजवळ जमिनीवर बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डाव्या कानात औषध घातलं. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी त्यांना मदत करायला लागले. प्रेमाने नव्हे, ओशाळून. मला गाडी चालवता येत होती, त्यांना येत नव्हती, एवढीच माझी लायकी. आणि खरं सांगते, त्यांचा मला वीटही यायचा. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ऑफिसच्या गडबडीत फोन करून "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्यायचंय, यल्ला, चल" म्हणायच्या. नाही म्हटलं तर दोन दिवस नुसतं हं हं करायच्या. आपल्याला जे दिसतं ते सगळ्यांना दिसलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. माणसाला दुसरीही कामं असतात, हे त्यांच्या गावी नसायचं.

बिरकत अल अवामेरला आम्ही गेलो तो दिवस मला अजून नकोसा होतो. तिथे कामगारांच्या वसाहती आहेत. रामसेवक नावाच्या बिहारी गवंड्याने लॅबच्या ड्रायव्हरकडून शैलाताईंचा नंबर मिळवला होता. त्यांच्या इमारतीमागे चार कुत्री होती, कामावरची पोरं आपल्या जेवणातलं उरलेलं घालायची. आता वसाहत दुसऱ्या कंपनीकडे चालली होती आणि शनिवारपर्यंत कुत्री हटवा म्हणून हुकूम आला होता.

शैलाताईंकडे एकाच कुत्र्याची जागा होती. तीही मागच्या बाथरूममध्ये.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारची नमाज नुकतीच झाली होती. रामसेवकने चौघांनाही नायलॉनच्या दोरीने पाण्याच्या टाकीला बांधून ठेवलं होतं, अंघोळ घातलेली दिसत होती. दोन तरणी, एक पोटाखाली पांढरी असलेली, आणि एक म्हातारी पिवळी कुत्री, मागचा एक पाय वाकडा. तो म्हणाला, "मैडम, चारों सीधी हैं. चारों ले जाइए."

"एक," शैलाताई म्हणाल्या. "एक ही जगह है."

रामसेवकने मान हलवली, वाद घातला नाही. तो बाजूला जाऊन उभा राहिला. शैलाताई चौघांसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या एखादं तरणं निवडतील, कारण तरण्याला घर मिळतं. त्यांनी एकेकाचे पाय चाचपून पाहिले. मग म्हातारीची दोरी सोडली.

"ह्या तिघांना पळता येतं," एवढंच म्हणाल्या.

रामसेवकने खोलीतून बिस्किटांचा पुडा आणून दिला. "इसको रोटी भिगो के दीजिएगा. दाँत नहीं हैं." बाकीची तीन उभी राहून आमच्या गाडीकडे बघत होती. त्यांना वाटलं असेल, आपलाही नंबर येतोय.

परतताना हायवेवर मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "निदान एक तरी वाचली, ताई."

त्या माझ्यावर ओरडल्या. "एक वाचली म्हणू नकोस! तीन सोडून आलो म्हण. खरं ते म्हण."

घर येईपर्यंत त्या बडबडत होत्या. कंपनीवर, कुत्री आणून टाकणाऱ्यांवर, माझ्यावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या बाथरूमवर, ते तीन फूट मोठं का नाही म्हणून. रविवारी त्यांनी रामसेवकला फोन केला. तिघं नव्हती. कुठे गेली, त्याला माहीत नव्हतं. म्हातारीचं नाव बिरकत पडलं.

पुढच्या वर्षी प्रज्ञाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, आणि शैलाताईंनी एकवीस वर्षांत प्रथमच सलग बारा दिवसांची रजा टाकली. तिकीट काढलं. डिंक, अहळीव, दुपटी असं काय काय घेऊन ठेवलं. कुत्र्यांकडे मी बघणार होते. मीच आपणहून म्हटलं होतं. खालीच राहायला जाणार होते, दारांचं गणितसुद्धा कागदावर लिहून घेतलं होतं.

त्यांच्या निघण्याआधी चार दिवस माझ्या सासू-सासऱ्यांचा व्हिसा झाला. सासूबाईंना कुत्र्यांची भीती. नवरा म्हणाला, "आई पहिल्यांदा येतेय, आणि तू खाली कुत्र्यांत राहणार?" मी दोन दिवस काढले, काहीतरी मार्ग निघेल म्हणून. मग खाली गेले. त्या पातेल्यातला भात ढवळत होत्या. मी सगळं सांगितलं. मला ते सांगताना निखिलचा आवाज स्वतःच्या तोंडातून ऐकू येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या.

"ताई, मी दुसरं कुणीतरी—"

"जा वर. पाहुणे यायच्यात तुझे."

त्यांनी सगळीकडे फोन केले. कुत्री ठेवून घेणारी केंद्रं ईदच्या सुट्टीमुळे भरलेली होती. शिवाय चावऱ्या सनैय्याला आणि लंगड्या बिरकतला कोण घेणार? तिकीट रद्द झालं. आठवड्याने मुलगी झाली. प्रज्ञाने व्हिडिओ कॉल केला, तेव्हा खोलीत सगळ्यांनी एकदम भुंकायला सुरुवात केली आणि बाळ दचकून रडायला लागलं. "आई, त्यांना गप्प कर, नाहीतर ठेव," प्रज्ञा म्हणाली. शैलाताईंनी ठेवला.

त्यानंतर त्या व्हिडिओ कॉल करायला आमच्या जिन्यात येऊन बसायच्या, कारण तिथे भुंकणं कमी ऐकू यायचं. मी वरून येता-जाता त्यांना ओलांडून जायचे. पुष्कळदा पलीकडून कुणी उचलत नसे. त्या स्क्रीन पुसायच्या आणि परत लावायच्या. मला एकदाही टोमणा मारला नाही त्यांनी. एकदा फक्त म्हणाल्या, "तिचं बरोबरच हाय. तिनं विचारलं, तुला नात मोठी का कुत्री? मी काय सांगणार? नातीला आई हाय, आजी हाय दुसरी. ह्यांना कोण हाय? असं म्हटलं की पोरगी आणखी चिडतीय."

"मग म्हणू नका ना," मी म्हणाले.

"खोटं बोलू?"

मग घरमालकाचा निरोप आला. म्हातारा भला माणूस होता, इतकी वर्षं कुत्र्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण व्हिला पाडून त्याला नवी इमारत बांधायची होती. चार महिन्यांची मुदत मिळाली. आम्ही अल मन्सूरात फ्लॅट घेतला. शैलाताईंना कुत्र्यांसकट कुणी घर देईना. त्यांनी पंधरा-वीस ठिकाणं पाहिली. मग एक दिवस लॅबमध्ये राजीनामा दिला आणि मला फोन करून म्हणाल्या, "खलास. जातो मी गावाला."

त्या चार महिन्यांत त्यांचा आवाज बसला. पहिले दोन महिने त्या माणसं नाकारत होत्या. अमक्याच्या घरात बाल्कनी उघडी आहे, तमकी कुत्र्याचे दात न बघता फोटोच काढत बसली. शेवटच्या दोन महिन्यांत माणसं त्यांना नाकारू लागली. मन्सूरा आणि वक्राला परदेशात घर मिळालं, तिकडे निघालेल्या प्रवाशांबरोबर त्या गेल्या. ब्रूनोला एका फिलिपिनो नर्सने नेलं. डोळ्यांत थेंब घातलेला तो तपकिरी कुत्रा घर मिळाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आजारी पडून गेला. एका कुटुंबाने एक नेला, परत आणून दिला, पुन्हा नेला. सनैय्याला शेवटी वाळवंटातल्या एका शेतावर राखणीला दिलं. मीच गाडीने त्यांना तीनदा तिथे नेलं. तिसऱ्या खेपेला तो साखळीला होता. शैलाताईंनी शेतावरच्या माणसाशी अर्धा तास हुज्जत घातली, त्याने साखळी सोडली. आम्ही वळल्यावर परत बांधली असेल, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

राहिली बिरकत. तिला कुणीही घेतलं नाही.

"तू ये," प्रज्ञा म्हणाली होती. "कुत्रं नको. घरात बाळ आहे."

दोन आठवडे मायलेकींचं भांडण चाललं. शेवटी ठरलं, की कुत्री घरामागच्या परड्यात राहील आणि घराचा उंबरा ओलांडणार नाही. शैलाताईंनी हे मुकाट्याने मान्य केलं. काही मान्य करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

कायमचं परत जाणाऱ्याला आपलं कुत्रं बरोबर नेता येतं, पण त्यासाठी चिप, लशी, दाखले, शिक्के असं बरंच काही लागतं. त्या कागदांपायी त्यांनी महिनाभर कुणाकुणाशी वाद घातला. जानेवारीत, एका बुधवारी दुपारी मी त्यांना आणि बिरकतला विमानतळावर सोडायला गेले.

काउंटरवरच्या तरुणाने पिंजऱ्याचं माप घेतलं, कागद पाहिले आणि म्हणाला, "तिला उभं राहून वळता येतं, हे मला बघावं लागेल." बिरकत पिंजऱ्यात बसली होती. त्या आवाजात आणि गर्दीत तिने वाकडा पाय पोटाखाली घेतला होता आणि ती काही केल्या उठेना. शैलाताईंनी हाक मारली. बिस्किट दाखवलं. ओरडल्या. मागे रांग वाढत होती. तरुण अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, मी थांबतो, पण उभी राहिल्याशिवाय सही करू शकत नाही."

"एकवीस वर्षं," शैलाताई मला म्हणाल्या, "एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदावर सह्या केल्या." मग चष्मा माझ्या हातात दिला, गुडघ्यांवर बसल्या आणि खांद्यापर्यंत पिंजऱ्यात शिरल्या. आत काय बोलल्या, ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने बिरकतचे पुढचे पाय दिसले, मग मागचा चांगला, मग वाकडा. ती उभी राहिली आणि शैलाताईंच्या भोवती कशीबशी वळली. तरुणाने सही केली.

पिंजरा ढकलत नेला तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मी चष्मा दिला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, थोपटलासुद्धा नाही, नुसता ठेवला. "सासूबाईंना नमस्कार सांग," म्हणाल्या, आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

प्रज्ञाला आवडतो म्हणून नवा काळा ड्रेस घातला होता त्यांनी. आता पुढून सगळा पिवळ्या केसांनी भरला होता. रांगेत उभ्या उभ्या त्यांनी हातरुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि केस पुसायला लागल्या. छातीवरचे पुसले, बाह्यांवरचे पुसले. केस निघत नव्हते, नुसते इकडून तिकडे जात होते. रांग पुढे सरकली. त्यांनी एकदा अंगाकडे पाहिलं, रुमाल पर्समध्ये टाकला आणि तशाच आत गेल्या.